संघराज्य कोणाचे?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २९ जानेवारी १९३९ रोजी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत काळे स्मारक व्याख्यान दिले, तेव्हा १९३५ च्या कायद्याने योजिलेले अखिल भारतीय संघराज्य संस्थानिकांच्या सह्यांसाठी अडून राहिले होते. प्रांतांत निवडून आलेली मंत्रिमंडळे कारभार करीत होती, दिल्लीचे सरकार संस्थानिकांशी सामीलनाम्याच्या कलमांची घासाघीस करीत होते, आणि देशाच्या ऐक्याची मनापासून तळमळ असलेली कित्येक सुबुद्ध माणसे, संघराज्य कसेही असले तरी ते ऐक्याच्या दिशेने टाकलेले पाऊल आहे, एवढ्या एका विचाराने त्या योजनेकडे सहानुभूतीने पाहत होती. डॉ. आंबेडकरांनी नेमका या सहानुभूतीलाच हात घातला. संघराज्य कोणाकोणाचे बनते, त्याच्या सभागृहात घटकांच्या वतीने कोण येऊन बसतो, आणि त्याच्या कायद्याचा हात प्रत्येक घटकातील सामान्य माणसापर्यंत पोहोचतो की त्या घटकाच्या धन्याच्या देवडीवरच थबकतो, हे तपासल्यावाचून त्याला बरे किंवा वाईट म्हणता येत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा इत्यर्थ होता. राष्ट्राराष्ट्रांतील सहकार्य आणि संघराज्याची कल्पना यांवरील लेखांच्या या संग्रहाच्या प्रारंभी त्या व्याख्यानाचे स्मरण करून देणे मला अगत्याचे वाटते. कारण ब्रुसेल्स, वॉर्सा आणि बुडापेस्ट येथे गेल्या दीड दशकात जो वाद चालू आहे, त्याचा गाभा त्या दिवशी पुण्यात उघडा करून दाखविला गेला होता, असे माझे मत आहे.

मूळ योजना थोडी बारकाईने पाहिली पाहिजे. संघराज्याच्या वरिष्ठ मंडळात २६० जागा होत्या, त्यांपैकी १०४ संस्थानांना. कनिष्ठ मंडळात ३७५, त्यांपैकी १२५ संस्थानांना. संस्थानी रयत देशाच्या लोकसंख्येच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास होती, म्हणजे माणसांच्या मानाने जागा अधिक होत्याच. परंतु खरी मेख संख्येत नव्हती. ब्रिटिश मुलखातील सभासद, मताधिकार कितीही संकुचित असला तरी, कोणत्या ना कोणत्या निवडणुकीतून येणार होते, आणि संस्थानांचे सभासद संस्थानिकाच्या हुकमाने नेमले जाणार होते. मुंबई किंवा मद्रास इलाख्यातील करदात्यावर कोणता कर बसवावा, यावर मत देण्याचा हक्क अशा नेमलेल्या माणसांना मिळत होता, आणि त्यांच्या संस्थानातील तुरुंग, वेठबिगार किंवा छापखान्यांवरील बंदी यांविषयी संघराज्याच्या सभेत चकार शब्द काढण्याची मुभा मात्र इतरांना राहणार नव्हती. अनियंत्रित सत्ता आणि प्रातिनिधिक सत्ता एका बाकावर बसविल्या म्हणजे पहिली दुसरीसारखी होत जाईल, अशी आशा योजनेचे पुरस्कर्ते बाळगीत होते. उलट दुसरीच पहिलीच्या दावणीला बांधली जाईल, ही टीकाकारांची धास्ती होती. त्याच जानेवारी महिन्यात औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने घटना देऊन आपले अधिकार रयतेच्या हवाली केले, ही आपल्या प्रांताला भूषणावह अशी हकीकत आहे. पण ज्या संस्थानिकाने प्रजेला बोलण्याची मुभा दिली आणि ज्याने दिली नाही, त्या दोघांत १९३५ चा कायदा कोणताच भेद करीत नव्हता. सप्टेंबरात युद्ध पेटले आणि योजना बासनात गेली. तिच्यामुळे उपस्थित झालेला प्रश्न मात्र गेला नाही.

या प्रश्नाचा धागा पुण्याहून युरोपात जातो तो एका विलक्षण मार्गाने. १९३२ साली मताधिकाराच्या चौकशीसाठी जी समिती हिंदुस्थानात फिरली, तिचे अध्यक्ष लॉर्ड लोथियन होते आणि डॉ. आंबेडकर तिचे सभासद होते. अस्पृश्य वर्गाच्या बाबतीत त्यांनी आपले स्वतंत्र टिपण सादर केले होते. पुढे तीन वर्षांनी याच लोथियनांनी असे प्रतिपादन केले की, युद्धाचे मूळ राष्ट्रांच्या अनिर्बंध सार्वभौमत्वात आहे, आणि नुसत्या शांततावादाने किंवा नुसत्या देशभक्तीने ते उपटले जाणार नाही. त्यासाठी राष्ट्रांच्या वर एक कायदा हवा. लोथियन, लायोनेल रॉबिन्स इत्यादी ब्रिटिश संघराज्यवाद्यांचे हे वाङ्मय, पुढे इटलीचे राष्ट्राध्यक्ष झालेले अर्थशास्त्रज्ञ लुईजी एनाउदी यांच्यामार्फत, मुसोलिनीच्या राजवटीने व्हेन्तोतेने नावाच्या लहानशा बेटावर डांबलेल्या काही राजबंद्यांच्या हाती पडले. त्यांत आल्तिएरो स्पिनेल्ली हा होता. वयाची विशी पुरी होण्यापूर्वीच, १९२७ मध्ये, साम्यवादी म्हणून त्याला पकडले होते. तुरुंगात वाचता वाचता आणि स्टालिनच्या मॉस्कोतील खटल्यांची वार्ता ऐकता ऐकता त्याची पक्षावरील श्रद्धा उडाली आणि १९३७ मध्ये पक्षाने त्याला काढून टाकले. एर्नेस्तो रॉस्सी हा अर्थशास्त्रज्ञ आणि एउजेनिओ कोलोर्नी हा तत्त्वज्ञानाचा अध्यापक, हे त्याचे सोबती. १९४१ साली, हिटलरच्या फौजा मॉस्कोच्या रोखाने दौडत असताना आणि युरोपातील जवळजवळ प्रत्येक राजधानीवर त्याचा किंवा त्याच्या मित्रांचा अंमल असताना, या कैद्यांनी स्वतंत्र व संयुक्त युरोपचा जाहीरनामा लिहिला. सिगारेटच्या पातळ कागदावर तो लिहिला गेला असे सांगतात. कोलोर्नीची पत्नी उर्सुला हिर्शमान हिने तो बेटाबाहेर काढला. कोलोर्नी स्वतः मे १९४४ मध्ये रोममध्ये फॅसिस्टांच्या गोळ्यांना बळी पडला. रोम मुक्त होण्यास तेव्हा थोडेच दिवस उरले होते.

त्या जाहीरनाम्याचे म्हणणे असे की, यापुढे पुरोगामी आणि प्रतिगामी यांच्यातील सीमारेषा लोकशाही अधिक की कमी, समाजवाद अधिक की कमी, अशी पडणार नाही. जे पुन्हा राष्ट्रीय सत्ता हस्तगत करण्यातच राजकारणाची इतिश्री मानतील ते एका बाजूला, आणि जे राष्ट्रांच्या वर एक स्थायी संघराज्य उभारू पाहतील ते दुसऱ्या बाजूला, अशी ती पडेल. आश्चर्याची गोष्ट अशी की, या कैद्यांची वार्ताही ज्यांना नव्हती अशा माणसांनी वर्षभरातच मुंबईत जवळजवळ तोच विचार मांडला. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गोवालिया टँकवर मंजूर झालेला ‘चले जाव’ चा ठराव आपण सर्वजण जाणतो. परंतु जगाची भावी शांतता आणि सुव्यवस्था स्वतंत्र राष्ट्रांच्या जागतिक संघराज्यावाचून साधणार नाही, आणि स्वतंत्र हिंदुस्थान अशा संघराज्यात आनंदाने सामील होईल, हेही त्याच ठरावात लिहिलेले आहे, हे किती जणांच्या ध्यानात आहे? परक्या सत्तेला हाकलण्याचा निर्धार आणि स्वतःच्या सार्वभौमत्वाचा काही अंश जगाच्या पेढीवर ठेवण्याची तयारी, या दोन्ही गोष्टी एकाच रात्री, एकाच कागदावर, एकाच सभेने मान्य केल्या. स्वातंत्र्य आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य यांचे हाडवैर आहे, असे आज ज्यांना पढविले जात आहे, त्यांनी तो ठराव मुळातून वाचावा.

युरोपात प्रत्यक्ष जे घडले ते मात्र स्पिनेल्लीच्या मनातले नव्हते. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शूमान यांनी फ्रान्स व जर्मनी यांचा कोळसा आणि पोलाद एका सामाईक अधिकारमंडळाखाली आणण्याची योजना जाहीर केली. युरोपीय संघराज्याचा हा पहिला पाया, असे त्या घोषणेत स्पष्ट म्हटले होते. पण इमारत चढली ती सरकारांच्या हातांनी. १९५७ चा रोमचा तह सरकारांनी केला. १९६५ मध्ये बहुमताने निर्णय घेण्याची वेळ येताच जनरल द गॉलने आपले प्रतिनिधी सात महिने बैठकांतून काढून घेतले, आणि जानेवारी १९६६ च्या लक्झेंबर्ग येथील तडजोडीनंतर, आपल्या जिव्हाळ्याच्या हिताचा प्रश्न आहे असे एखाद्या राष्ट्राने म्हणताच बहुमताची चर्चा थांबू लागली. स्पिनेल्लीने मरेपर्यंत हे मनाला लावून घेतले. १९७९ मध्ये युरोपीय संसदेची पहिली प्रत्यक्ष निवडणूक झाली, तीत तो निवडून आला. वेगवेगळ्या पक्षांच्या सभासदांना जमवून त्याने नव्या तहाचा मसुदा सिद्ध केला, आणि १४ फेब्रुवारी १९८४ रोजी संसदेने तो २३७ विरुद्ध ३१ मतांनी संमत केला. सरकारांनी तो बाजूला ठेवला. दोन वर्षांनी स्पिनेल्ली वारला.

या सरकारी बांधकामात एक खिडकी मात्र लोकांच्या बाजूला उघडली गेली, आणि ती न्यायालयाने उघडली. तिची हकीकत इतकी किरकोळ आहे की थोरामोठ्यांच्या चरित्रांत तिला सहसा स्थान मिळत नाही. व्हान गेंड एन लोस नावाच्या एका डच वाहतूक कंपनीने जर्मनीतून एक रासायनिक पदार्थ मागविला. त्यावरील जकात नव्या वर्गीकरणामुळे शेकडा ३ वरून शेकडा ८ वर गेली होती. रोमच्या तहाने सभासद राष्ट्रांना जकात वाढविण्याची मनाई केली होती, तेव्हा कंपनीने तक्रार गुदरली. डच सरकारचे म्हणणे असे की, तह हा राष्ट्राराष्ट्रांतला करारनामा आहे. त्याचा भंग झाला असल्यास दुसऱ्या राष्ट्राने विचारावे, व्यापाऱ्याला विचारण्याचा अधिकार नाही. ५ फेब्रुवारी १९६३ रोजी तहाचा अर्थ लावणाऱ्या लक्झेंबर्गच्या न्यायालयाने निकाल दिला की, या तहाने निर्माण केलेल्या कायदेव्यवस्थेचे हक्कधारक केवळ राष्ट्रे नसून त्यांचे नागरिकही आहेत, आणि नागरिकाला तहाच्या आधारे आपल्याच सरकारला न्यायालयात खेचता येते. संस्थानी रयतेला १९३५ च्या योजनेत जे मिळणार नव्हते, ते त्या दिवशी एका जकातीच्या तंट्यातून युरोपातील साध्या माणसाला मिळाले. पुढच्या सगळ्या इतिहासात संघराज्याच्या बाजूची खरी कमाई मी या निकालाला समजतो.

प्रारंभी उल्लेखिलेल्या युरोपातील वादाची दुसरी बाजू म्हणजे लोकानुनयवाद; आता त्याच्याकडे वळू. सवलतींची खैरात वाटून मते मिळविणारे राजकारण, एवढ्याच अर्थाने त्याच्याकडे पाहिले तर त्याचे बळ ध्यानात येत नाही. त्याचे मूळ गृहीत असे असते की, ‘खरे लोक’ नावाची एक एकजिनसी वस्तू आहे, तिची इच्छा एक आहे, आणि त्या इच्छेचा अधिकृत धारक आपणच आहोत. हे एकदा गृहीत धरले म्हणजे न्यायालय, वर्तमानपत्र, विद्यापीठ, विरोधी पक्ष, प्रांतिक सरकार आणि परराष्ट्रांशी केलेला तह, हे सगळे एकाच रांगेत बसतात. लोक आणि त्यांचा नेता यांच्यामध्ये मूठभरांनी घातलेले अडसर, यापलीकडे त्यांना अर्थ उरत नाही. संघराज्याचे गृहीत याच्या थेट विरुद्ध आहे. एकच माणूस एकाच वेळी गावाचा, प्रांताचा, देशाचा आणि देशापलीकडच्या एखाद्या व्यवस्थेचा घटक असतो. त्याची गणती प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे होते, आणि यांपैकी कोणतीही एक गणती शेवटची नसते, असे संघराज्य मानते. म्हणून या दोहोंचा कलह प्रासंगिक नाही.

हंगेरीचे उदाहरण घ्या. एप्रिल २०१० च्या निवडणुकीत व्हिक्तोर ओर्बान यांच्या आघाडीला शेकडा ५३ च्या आसपास मते पडली आणि त्या देशाच्या निवडणूक पद्धतीमुळे दोन-तृतीयांशांहून अधिक जागा मिळाल्या. तेवढ्या बळावर वर्षभरात नवी राज्यघटना संमत होऊन १ जानेवारी २०१२ पासून अमलात आली. तिच्याबरोबर न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय ७० वरून एकदम ६२ वर आणले गेले, आणि दोनशेहून अधिक अनुभवी न्यायाधीश, त्यांत वरिष्ठ पदांवरचे पुष्कळ, एका फटक्यात घरी बसले. लक्झेंबर्गच्या न्यायालयाने नोव्हेंबर २०१२ मध्ये हे वयाच्या कारणाने केलेला पक्षपात म्हणून बेकायदा ठरविले. पण तोवर त्यांच्या जागी नवी माणसे बसली होती. कित्येकांनी भरपाई घेतली आणि विषय संपला. इनसाफ मिळाला, न्यायासने परत मिळाली नाहीत. पोलंडने २०१८ मध्ये हीच युक्ती आपल्या सर्वोच्च न्यायालयावर चालविली, आणि वय ७० वरून ६५ केले. त्या न्यायालयाच्या अध्यक्षा मावगोझाता गेर्सडोर्फ यांची मुदत राज्यघटनेप्रमाणे २०२० पर्यंत होती. नव्या कायद्याने त्या निवृत्त ठरल्या, तरी ४ जुलै २०१८ च्या सकाळी त्या नेहमीप्रमाणे न्यायालयात कामावर गेल्या, आणि बाहेर जमलेल्या नागरिकांनी त्यांच्यासाठी वाट मोकळी करून दिली. ऑक्टोबरात लक्झेंबर्गहून अंतरिम मनाई आली, वर्ष संपण्याच्या आत सरकारने कायदा मागे घेतला, आणि घालविलेले न्यायाधीश या वेळी आपल्या जागांवर परतले. दोन्ही देशांत कायदा तोच, न्यायालय तेच; फरक पडला तो मनाई वेळेवर आल्याने आणि देशातली माणसे न्यायालयाच्या दारात उभी राहिल्याने.

युरोपीय संघाच्या तहात एक सातवे कलम आहे. लोकशाहीची मूल्ये पायदळी तुडविणाऱ्या सभासद राष्ट्राचा मताधिकार त्याने तहकूब करता येतो. पोलंडविरुद्ध डिसेंबर २०१७ मध्ये आणि हंगेरीविरुद्ध सप्टेंबर २०१८ मध्ये या कलमाखाली कार्यवाही सुरू झाली. परंतु गंभीर भंग सिद्ध झाला असे ठरविण्यास आरोपी राष्ट्र वगळून बाकी सर्वांचे एकमत लागते. आणि आरोपी दोन असले, व त्यांनी एकमेकांची पाठराखण करण्याचे आधीच जाहीर केले असले, म्हणजे ते कलम कागदावरच राहते. आंबेडकरांचा प्रश्न इथे अंगावर येतो. त्या वर्षांत युरोपच्या वरिष्ठ परिषदेत हंगेरीच्या जागेवर जो बसत होता तो कोण? ज्याला हंगेरीतल्या निम्म्या माणसांनी मत दिले आणि ज्याने उरलेल्या निम्म्यांची बोलण्याची साधने एकेक करून आवळली, तो त्या परिषदेत संपूर्ण हंगेरी म्हणून बोलत होता, संपूर्ण हंगेरीचा नकाराधिकार वापरत होता, आणि संघाच्या खजिन्यातून हंगेरीसाठी येणारा पैसा त्याच्या सरकारच्या हातून वाटला जात होता. अशा नेत्यांना आंतरराष्ट्रीय संस्था नकोशा असतात हा समज मला अपुरा वाटतो. सरकारांपुरती मर्यादित संस्था त्यांना पुरेपूर मानवते. नागरिकापर्यंत हात पोहोचविणारी संस्था तेवढी मानवत नाही. अखेरीस उपाय सापडला तो खजिन्याचा: २०२० च्या अखेरीस झालेल्या नियमाने, कायद्याचे राज्य नसेल तर निधी अडविता येईल असे ठरले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये हंगेरीचे सुमारे ६३० कोटी युरो रोखले गेले. पुढल्या वर्षी, युक्रेनच्या प्रवेशाचा प्रश्न शिखर परिषदेपुढे यायचा होता त्याच्या आदल्या दिवशी, दुसऱ्या खात्यातले सुमारे १,०२० कोटी युरो मोकळे करण्यात आले, आणि परिषदेत निर्णयाच्या क्षणी ओर्बान दालनाबाहेर गेले. न्यायिक सुधारणांची पूर्तता झाली म्हणून पैसा दिला, असे युरोपीय आयोगाने सांगितले. योगायोग असेल, परंतु ज्या संघराज्याला आपल्या तत्त्वाची अंमलबजावणी अशा देवघेवीच्या संशयाखाली करावी लागते, त्याच्या घडणीत काही उणे आहे, हे मान्य केले पाहिजे.

इथवर वाचून कोणी असे समजेल की, सगळा दोष बुडापेस्टचा आणि सगळे पुण्य ब्रुसेल्सचे. तसे नाही, आणि हे मी भिडस्तपणे सांगत नाही. ५ जुलै २०१५ रोजी ग्रीसच्या मतदारांनी कर्जाच्या अटी शेकडा ६१ मतांनी फेटाळल्या, आणि आठ दिवसांच्या आत त्यांच्या सरकारला त्याहून सौम्य म्हणता येणार नाहीत अशा अटींवर सही करावी लागली. त्या अटी ठरविणारे अर्थमंत्री आपापल्या देशात निवडून आलेले होते; पण ग्रीसच्या पेन्शनराला ज्याच्याकडे दाद मागता येईल असा, त्याला आणि जर्मन करदात्याला सारखाच जबाबदार असलेला, कोणीही त्या दालनात नव्हता. त्यापूर्वी दहा वर्षे, मे आणि जून २००५ मध्ये, फ्रान्स व नेदरलंड्सच्या मतदारांनी युरोपची राज्यघटना नाकारली, आणि तिच्यातील बहुतेक तरतुदी लिस्बनच्या तहातून त्या दोन्ही देशांत पुन्हा सार्वमत न घेता अमलात आणल्या गेल्या. व्हेन्तोतेनेच्या जाहीरनाम्यातसुद्धा, क्रांतीच्या गोंधळात क्रांतिकारक पक्षाने जनतेच्या मान्यतेची वाट न पाहता सत्ता हाती घ्यावी, अशा अर्थाचा मजकूर आहे. मार्च २०२५ मध्ये इटलीच्या पंतप्रधान जॉर्जा मेलोनी यांनी संसदेत नेमका तोच भाग वाचून, हा आपला युरोप नव्हे, असे सांगितले. कैदेत, फॅसिझमच्या टाचेखाली लिहिलेल्या ओळी त्यांच्या प्रसंगापासून तोडून वाचणे मला न्याय्य वाटत नाही. पण त्या ओळी तिथे आहेत, आणि लोकांना विचारल्यावाचून लोकांचे भले करण्याची ती खोड युरोपच्या कारभारात मुरली, हेही नाकारता येत नाही. जिथे संघराज्य अपुरे राहिले तिथे लोकानुनयवादाने मुळे धरली, असा माझा निष्कर्ष आहे. संघराज्य अती झाले म्हणून नव्हे.

ब्रिटनचा अनुभव याच निष्कर्षाला दुसऱ्या बाजूने पुष्टी देतो. २३ जून २०१६ च्या सार्वमतात शेकडा ५१.९ मतांनी युरोपीय संघ सोडण्याचे ठरले. पण स्कॉटलंडमध्ये शेकडा ६२ आणि उत्तर आयर्लंडमध्ये शेकडा ५५.८ मते राहण्याच्या बाजूने होती. यापूर्वी दोनच वर्षे स्कॉटलंडला सांगण्यात आले होते की, स्वतंत्र झालात तर युरोपला मुकाल. जानेवारी २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, बाहेर पडण्याच्या कार्यवाहीस स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड येथील विधिमंडळांची संमती कायद्याने आवश्यक नाही. ब्रिटन हे संघराज्य असते तर या निर्णयाला प्रांतांच्या गणतीतूनही जावे लागले असते. ते नसल्यामुळे सगळ्या राज्यासाठी एकच बेरीज पुरेशी ठरली, आणि ‘लोकांची इच्छा’ हा शब्दप्रयोग पुढची चार वर्षे प्रत्येक शंकेचे तोंड बंद करण्यास वापरला गेला.

युरोपबाहेर याच गोष्टीची रूपे वेगळी आहेत, आणि त्यांचा परामर्श पुढील लेखांत येणार असल्यामुळे मी त्यांना ओझरता स्पर्श करतो. जागतिक व्यापार संघटनेचे अपील मंडळ नव्या नेमणुकांना अमेरिकेने संमती न दिल्याने ११ डिसेंबर २०१९ पासून बंद पडले आहे. त्याच अमेरिकेच्या अध्यक्षांनी जून २०१७ मध्ये पॅरिस करारातून अंग काढून घेण्याचे जाहीर करताच कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन या राज्यांच्या गव्हर्नरांनी एकत्र येऊन, आमची राज्ये ते उद्दिष्ट पाळतील, असे सांगितले. देशाचे एक तोंड जगाकडे पाठ फिरवीत असता दुसरे तोंड जगाशी बोलत राहू शकते, ही संघराज्याची देणगीच होय. आपल्या शेजारात सार्कची शिखर परिषद २०१४ च्या काठमांडूनंतर भरलेलीच नाही.

राष्ट्राच्या आतील नागरिकापर्यंत हात पोहोचविणाऱ्या संस्थेच्या कल्पनेवर आपल्याकडे एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो वजनदार आहे: एखाद्या राष्ट्राच्या अंतर्गत कारभारात बाहेरच्यांनी नाक खुपसावेच का? याचे उत्तर भारताने स्वतः, स्वतंत्र होण्याच्याही आधी, देऊन ठेवलेले आहे. १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांना मिळणाऱ्या वागणुकीची तक्रार आपण संयुक्त राष्ट्रांपुढे नेली. दक्षिण आफ्रिकेच्या वतीने जनरल स्मट्स यांनी, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या प्रस्तावनेचा मूळ मसुदा करणाऱ्या त्या विद्वान गृहस्थांनी, हा आमचा घरगुती मामला आहे असा बचाव केला. विजयालक्ष्मी पंडित यांच्या नेतृत्वाखालील आपल्या शिष्टमंडळाने, ज्यात मुंबईचे बॅरिस्टर महंमद करीम छागला होते, तो बचाव मोडून काढला. ८ डिसेंबर १९४६ रोजी आमसभेने ३२ विरुद्ध १५ मतांनी आपल्या बाजूने ठराव केला. माणसाची विटंबना होत असेल तर सरहद्दीची सबब पुरी पडत नाही, हा त्या ठरावाचा अर्थ होता, आणि तो आपण जगाकडून मिळविला. आपल्याला गैरसोयीचा झाला म्हणून तो आता परत करता येणार नाही.

परंतु घटकांच्या अंतर्गत स्वातंत्र्याची राखण कोणी करायची, हा प्रश्न उरतोच; आणि त्याची धार आपल्याइतकी फार थोड्या देशांना लागली असेल. राज्यांचा कारभार घटनेनुसार चालेल हे पाहण्याचे कर्तव्य भारतीय घटनेने ३५५ व्या कलमाने केंद्रावर सोपविले, आणि ३५६ व्या कलमाने त्याच्या हाती हत्यारही दिले. ते हत्यार कधी उपसावेच लागणार नाही, अशी आशा घटनासमितीत डॉ. आंबेडकरांनी व्यक्त केली होती. प्रत्यक्षात ते शंभराहून अधिक वेळा उपसले गेले. १९७७ मध्ये जनता सरकारने नऊ विधानसभा बरखास्त केल्या, १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने नऊ. त्यांत आपली महाराष्ट्र विधानसभाही होती, आणि शरद पवार यांचे पुलोद मंत्रिमंडळ त्या फर्मानाने गेले. दोन्ही वेळचे कारण एकच: लोकसभेत लोकांनी आमच्या बाजूने कौल दिला आहे, तेव्हा राज्यांतील जुना कौल शिळा झाला. एका गणतीने दुसरी गणती पुसून टाकण्याचा हा विचार कोणत्या जातीचा आहे, हे आता वेगळे सांगण्याची गरज नाही. ११ मार्च १९९४ च्या बोम्मई खटल्याच्या निकालाने त्याला आळा घातला: बहुमताची पारख राजभवनात नव्हे तर सभागृहात व्हावी, आणि बरखास्तीची कारणे न्यायालयाला तपासता यावीत. तेव्हापासून या कलमाचा वापर पुष्कळच कमी झाला आहे. बेळगाव-कारवारच्या सीमाप्रश्नावर दोन पिढ्यांची मने जळत असताना महाराष्ट्र सरकारने २००४ मध्ये १३१ व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, त्याचा निकाल अजून लागलेला नाही, याची चीड मलाही आहे. तथापि दोन घटकांतील इतका कडवट तंटा एका दाव्याच्या स्वरूपात इतकी वर्षे उभा राहू शकतो, ही गोष्ट युरोपातल्या जुन्या सरहद्दींचा इतिहास जाणणाऱ्याला क्षुल्लक वाटणार नाही.

म्हणजे राखणदार सत्ताधारी पक्ष असू नये, न्यायालय असावे, हा आपल्या अनुभवाचा कौल. युरोपने बव्हंशी तोच मार्ग धरला आहे. तिथली अडचण पुढची आहे. लक्झेंबर्गच्या न्यायालयात २७ न्यायाधीश, प्रत्येक सभासद राष्ट्राचा एक, सहा वर्षांच्या मुदतीने बसतात. त्यांची शिफारस त्या त्या राष्ट्राचे सरकार करते, आणि नेमणूक सर्व सरकारांच्या संमतीने होते. २०१० पासून सात जाणत्या व्यक्तींचे एक मंडळ उमेदवाराची पात्रता तपासून अभिप्राय देते. तो अभिप्राय बंधनकारक नाही. तरी सरकारे आजवर तो मानीत आली आहेत. आज ज्या सरकारांविरुद्ध निकाल द्यायचा, त्यांच्याच संमतीने उद्याचा न्यायाधीश बसणार, आणि ही संमती एक दिवस कोणी रोखून धरली तर काय, याचे उत्तर तहात लिहिलेले नाही. न्यायाधीशांच्या नेमणुकीवरून आपल्याकडे १९९३ पासून सरकार आणि न्यायसंस्था यांच्यात जी ओढाताण चालू आहे, तिच्याशी हा प्रश्न ताडून पाहण्याचे काम या संग्रहातील शेवटच्या लेखावर सोपविले आहे, आणि ज्यांना सवड थोडी आहे त्यांनी तो लेख आधी वाचण्यास हरकत नाही.